चंपा खाली उतरली

“मुडदा! अगं बाई, मुडदा जिना उतरतोय!”

आयाबाई अशा किंचाळल्या की त्या सकाळी मुलुंडात निदान चार बाळं दचकून वेळेआधीच जन्मली असतील. मुडदाबिडदा काही नव्हता. ती चंपा होती, आमच्या नर्सिंग शाळेतली माणसाएवढी बाहुली. तिला सुया टोचत, तिची पाठ पुसत आम्ही शिकायचो. वजन गाभण म्हशीचं! डोक्याकडून मी, पायांकडून खुद्द आमच्या शिक्षिका कांबळे सिस्टर. गेल्या महिन्यात सिस्टर गेल्याचा निरोप आला, तेव्हा रडू फुटायच्या आधी मला हीच आरोळी ऐकू आली...

भानगड अशी झाली होती. आमच्या बॅचमध्ये घाटकोपरची कुसुम होती. पोलिओने अधू झालेल्या पायाला लोखंडी कॅलिपर. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. घंटेनंतर पोचलं की गैरहजेरी, आणि तिच्या गैरहजेऱ्या इतक्या साचल्या की मेट्रनने तिला परीक्षेलाच बसवायचं नाही असं ठरवलं.

“जिना चढता येत नाही ती पेशंट काय सांभाळणार, कांबळे?”

“पेशंट जिन्यावर झोपतात का, मॅडम?”

शाळेचा रिवाज असा की हजेरी चंपाच्या खाटेभोवती उभं राहून द्यायची. खाट कुठल्या मजल्यावर असावी, याबद्दल मात्र रिवाज गप्प होता. सिस्टरांनी तेवढंच धरलं आणि चंपाला तळमजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीत आणून निजवलं; हजेरी आणि वर्ग दोन्ही तिथेच. कुसुम घंटेआधी हजर!

मेट्रन तोफेसारख्या धडाडल्या. संध्याकाळी वॉर्डबॉय चंपाला वर नेत, सकाळी आम्ही पोरी तिला खाली आणत. एवढ्या वाऱ्या तर महापालिकेच्या कचेरीतही कुणी केल्या नसतील. कुसुम रडकुंडीला आली. “सिस्टर, माझ्यापायी तुमची नोकरी जाईल.”

“गावच्या शाळेत मी दाराबाहेर बसून शिकले गं,” सिस्टर म्हणाल्या. “फळा जरा दाराशी आणावा, असं एकाही मास्तराला वाटलं नाही. मी आणणार. जाऊ दे नोकरी.”

शेवटी दमले ते वॉर्डबॉय. “मॅडम, हिला एकदाचा डिस्चार्ज द्या नाहीतर आम्हाला!” चंपा खालीच राहिली. कुसुम पास झाली, आणि आज त्याच खोलीत, त्याच पोपडे उडालेल्या चंपावर ती नव्या पोरींना शिकवते.

परवा शाळेत सिस्टरांची शोकसभा होती. कुठे? तर दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये! शिकलेली माणसं अशीच, शिकलेलं पहिलं विसरतात. हार घातलेला फोटो वर, कुसुम खाली चंपाच्या उशाशी. वरच्या कठड्यावरून शाळेचे सेक्रेटरी ओरडले, “कुसुमताई, सगळे खोळंबलेत हो! दोन वॉर्डबॉय पाठवतो, खुर्चीसकट उचलून आणतील.”

कुसुमने चंपाची चादर नीट खोचली. मान वर न करता म्हणाली,

“फोटो खाली आणा.”