मामांना दाखवलेली पेशी

विट्याचे आमचे गलाईमामा डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही मानायचे नाहीत. तीस वर्षं त्यांनी मदुरैत गलाईचं, म्हणजे सोनं गाळण्याचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, "आदी वितळू दे, मग बोलू," एवढंच म्हणायचे.

पोटात कॅन्सर निघाला, तेव्हाही डॉक्टरांना त्यांनी स्कॅनमधली गाठ बोटानं दाखवायला लावली. मग सांगलीला केमो सुरू झाली. मी पुण्यात याच औषधांचा पेशींवर होणारा परिणाम अभ्यासते, म्हणून दर डोसला मी सोबत हवी, असा त्यांचा हट्ट. मूलबाळ नव्हतं, मामी आधीच गेलेल्या.

सलाईन चालू असताना एकदा म्हणाले, "ह्ये आत जाऊन करतंय काय, पोरी?"

मी मोबाईलवर आमच्या प्रयोगशाळेतला व्हिडिओ लावला. औषध घातलं की कॅन्सरच्या पेशीचं पातळ आवरण थरथरतं, त्यावर फुगे येतात, शेवटी पेशी विस्कटते. मामांनी तो चारदा बघितला. तोंडात फोड आलेले, पाणी गिळवत नव्हतं, तरी हसले.

"माज्या बी अशाच फुटत्यात न्हवं?"

"हो मामा."

पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली होती. काही पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे पंप असतात. बाकीच्या मरतात, त्या उरतात आणि वाढतात. मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, "दुसरं औषध आहे, पण फार आशा नाही. घरी नेलंत तरी चालेल."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. तू रोज बघतीस."

"करून बघू," मी म्हणाले.

त्या औषधानं त्यांच्या तळपायाची कातडी सोलून निघाली. तिसऱ्या डोसनंतर त्यांना उठून बसता येईना. तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या मोबाईलातल्या पेशी कुणाच्या हुत्या?"

"प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या. माणसाच्या अंगातल्या नव्हेत."

"आन् माज्या?"

"तुमच्या औषध बाहेर टाकत असाव्यात, मामा."

मग म्हणाले, "मला विट्याला न्ये. राग न्हाई तुजा. पर तवाच खरं सांगितलं असतंस, तर ह्ये दोन म्हयनं मी घरी असतो."

घरी ते नऊ दिवस होते. मी पेज भरवायची, ते दोन चमचे घ्यायचे आणि रोज विचारायचे, "पुण्याला कवा जाणार?"

"नाही जाणार मी, मामा."

ते मान वळवायचे. माझं बोलणं त्यांना आता खरं वाटत नव्हतं.