डिकीत राहिलेला पट्टा

चाचा गेले त्याला मी जबाबदार आहे, हे मी कॅम्पवर कुणालाच सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं म्हणत दोन वर्षं काढली. आज लिहून टाकतो.

ओमानमधल्या शर्कियाच्या वाळवंटात पर्यटकांचा एक कॅम्प आहे. तिथली यंत्रं मी सांभाळायचो. त्याआधी बारा वर्षं मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यात मेंटेनन्स केलेला, त्यामुळे शहाणपण अंगात मावत नव्हतं. चाचा तिथले बग्गीचे, म्हणजे वाळूत पळणाऱ्या उघड्या गाडीचे, ड्रायव्हर. रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले, डोक्यावर कायम पांढरी विणलेली टोपी. आखातातल्या सव्वीस वर्षांनी, मेच्या अखेरीला, ते कायमचे घरी जाणार होते. तिकीटही निघालं होतं.

मे महिना होता. उन्हाळ्यासाठी कॅम्प बंद करायचा होता आणि टेकड्यांपलीकडचे तंबू चाचा बग्गीतून थोडे थोडे परत आणत होते. एक दिवस वाटेतच बग्गीचा पट्टा तुटला. या बग्गीला गिअर नसतात. इंजिनाची ताकद एक रुंद रबरी पट्टा चाकांकडे नेतो. तो तुटला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. चाचांनी सीटखालचा जुना पट्टा चढवला आणि परत आले. सीटखाली एक पट्टा कायम ठेवायचाच, हा नियम मीच केलेला.

तुटलेल्याच्या चिंध्या झाल्या होत्या. कंपनीचा पट्टा यायला दहा दिवस लागणार होते. कॅम्पचे मालक, आमचे अर्बाब, म्हणाले, "यल्ला, आठवड्यात सगळं खलास करा." मग मी कारखान्यातली सवय बाहेर काढली: नमुना घ्यायचा आणि दुकान गाठायचं. बग्गीवरचा जुना पट्टा उतरवला, माझ्या गाडीच्या डिकीत टाकला आणि मस्कतला गेलो.

दुकानदार म्हणाला, "भाईसाब, मॉडेल नंबर बोलो."

"नंबर छोडो, सॅम्पल है ना."

काउंटरवर जुना पट्टा धरून एकेक नवा त्याला लावून पाहिला. चौथा तंतोतंत जुळला. लांबी तीच, रुंदी तीच. त्याच्या खोक्यावर बर्फात पळणाऱ्या स्कूटरचं चित्र होतं. जुना पट्टा घासून घासून अरुंद झालेला, तेव्हा त्याला जुळणारा नवा पट्टा मुळातच अरुंद असणार, घसरून लवकर तुटणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी आपल्याच हुशारीवर खूश होतो.

कॅम्पवर चाचांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. "साहेब, ह्यो तर बरफावरचा हाय. वाळूत चालंल ना?"

"चाचा, रबराला काय कळतंय बर्फ की वाळू? बसवा."

ते हसले आणि झाकणाचे बोल्ट काढायला लागले. एकेक बोल्ट टोपीत टाकत होते. आदल्या हिवाळ्यात त्यांच्याकडून एक बोल्ट वाळूत हरवला, तेव्हा मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला. तेव्हापासून त्यांचे बोल्ट टोपीत जायचे.

काम झालं आणि मी मस्कतला घरी गेलो. नमुन्याला नेलेला पट्टा सीटखाली ठेवायचा राहून गेला.

तिसऱ्या दिवशी चाचा तंबू आणायला गेले ते परतले नाहीत. त्या बाजूला मोबाइलला रेंज नाही. दिवस कलताना पिकअपमधून जाणाऱ्या एका बदूला, वाळवंटातल्या भटक्या माणसाला, ते दिसले, बग्गीपासून तीन-चार किलोमीटरवर, कॅम्पच्या दिशेने तोंड करून पडलेले. उष्माघात. इस्पितळापर्यंत पोचले नाहीत.

कॅम्पवरून फोन आल्यावर निघताना सामान ठेवायला डिकी उघडली आणि पट्टा दिसला.

सकाळी बग्गी आणायला मीच गेलो. नवा पट्टा तुटून त्याचे धागे आत गुंडाळले गेले होते. झाकण काढून नीट टेकवून ठेवलेलं, पाने फडक्यावर ओळीने मांडलेले. सीट वर उचललेली आणि खाली काही नाही. सगळं उघडून झाल्यावर त्यांनी पट्ट्यासाठी तिथे हात घातला असणार. बॉनेटवर टोपी होती आणि टोपीत बोल्ट. मी मोजले, एकही कमी नव्हता. मग तिथेच वाळूत बसून रडलो.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. सामान पोचलं होतं, आणि टोपी बग्गीवरच सापडल्याचं त्यांना कळलं होतं. "साहेब, अम्मी विचारते, अब्बा टोपीशिवाय कधी उंबरा ओलांडत नव्हते. एवढ्या उन्हात उघड्या डोक्यानं कसे काय गेले?"

"घाईत राहिली असेल," मी म्हटलं.

घाई नव्हती. टोपी घालायची तर बोल्ट तिच्यातून काढावे लागले असते, आणि एखादा वाळूत हरवला असता तर मी ओरडलो असतो.