तिच्या बाजूचे दोन कोपरे

चादरीचे दोन कोपरे सुमनच्या हातात, दोन माझ्या. तिनं उचललं की माती लोळत माझ्याकडे यायची, मी उचललं की परत तिच्याकडे. ओसरीवर ऊन आलेलं. धूळ अशी तरंगत होती की डोळे मिटायला लागले.

"तुमचा कोपरा खाली गेला," ती म्हणाली. "झोपून राह्यले काय?"

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

आमचं नवरा-बायकोचं काम साधं. बोरी अरब गावाजवळच्या ठरलेल्या वावरातून दरसाल माती आणायची, सावलीत वाळवायची, चाळायची, चादरीवर लोळवून एकजीव करायची. यवतमाळच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम ती काचेच्या बरणीत भरून तिथल्या एका खोलीत ठेवतात, दरसालची एक बरणी. याला सॅम्पल म्हणतात. फवारणीचं, धुराचं काय काय मातीत उतरलं, ते पुढं कोणी जुन्या-नव्या बरण्या तपासून पाहील. त्या खोलीत गेलं की वाटायचं, एकच वावर वर्षावर्षानं रांगेत निजलं आहे.

यंदाची निम्मी माती चादरीवर होती, निम्मी न चाळता पिशवीत बांधून आत. माणसं जमली. सुमनचा फोटो ओसरीवर ठेवला, मेणबत्त्या लागल्या, अगरबत्त्या लागल्या. त्यांची राख वाऱ्यानं चादरीवर गेली. कोणाचंच लक्ष नव्हतं.

मॅडम भेटायला आल्या तेव्हा मी चादर पुढं ओढली. "भरा बरणीत. तिच्या हातची हाय."

त्या खाली बसल्या. बोटानं राख दाखवली.

"काका, पुढं जो उघडेल तो म्हणेल, राख वावरातच होती."

"म्हणू द्या. तो काय सुमनले ओळखते?"

"नाही ओळखत. म्हणूनच भरता येत नाही."

मी तोडून बोललो. माती दुसरी भेटते, तिला कुठून आणू, असं विचारलं. त्या उठल्या. यंदाची जागा रिकामी राहिली तरी चालेल म्हणाल्या आणि बरणी ठेवून गेल्या. सांजेला त्या रिकाम्या बरणीत ओसरीवरचा उजेड भरला, मग हळूहळू उतरला. मी पाहत बसलो.

सकाळी ती माती मागच्या लिंबूच्या झाडाखाली नेऊन टाकली. सुमन त्याला पाणी द्यायची. चादर धुऊन वाळवली. पिशवीतली माती चाळली. तिच्या बाजूचे दोन कोपरे खाटेच्या पायांना बांधले आणि माझे उचलले. माती तिकडं गेली, परत आली नाही. मग उठून तिकडं गेलो, तिकडून उचललं. पुन्हा इकडं. खाट काही बोलत नाही. कोपरा खाली गेला की आपणच पाहावं लागते.