पायऱ्यांशेजारचा उतार

आमच्या कॉलेजची इमारत इंग्रजांच्या काळातली, काळ्या दगडाची. जोतं एवढं उंच की पायऱ्या चढताना धडधाकट माणसालाही दम लागावा. कोणाच्या डोक्यातून निघालं होतं ते जोतं, देव जाणे! मी तिथे मराठी शिकवायचे, आणि माझी धाकटी बहीण तिथेच सायन्सला जाणार म्हणून हट्ट धरून बसली होती. लहानपणीच्या पोलिओनं तिचा एक पाय गेलेला. पायात लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी. सपाटीवर ती चांगली चालायची. नालवाडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीतून रिक्षानं फाटकापर्यंत यायची, आवारही ओलांडायची. पायऱ्यांशी सगळं अडायचं.

तिला वनस्पतिशास्त्र हवं होतं. केळझरजवळच्या आमच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ती गवताच्या काड्या ब्लेडनं चिरत बसायची. त्या तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या होत्या. बस, एवढंच मागणं होतं पोरीचं.

योग असा की तिनं नाव घातलं त्याच साली इमारत नवी करायला घेतली. जुन्या हॉलमध्ये भिंती घालून वर्ग, चढत्या बाकांची गॅलरी, ट्यूबलाइट, नवी प्रयोगशाळा. प्राचार्यांनी मला नकाशा दाखवला. पायऱ्यांच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "इथे उतार करणार आहोत. तुमची बहीण आपली आपण चढेल." त्यासाठी घडवलेले दगड आवारात येऊनही पडले. मैत्रिणी त्यांवर बसायला गेल्या की ही ओरडायची, "उठा व, माह्या उताराचे दगड आहेत ते!"

तोवर काय करायचं? आमचा जिल्हा पडला आश्रमांचा, सेवेचा. श्रमदान, सूतकताई, सफाई, लहानपणापासून हेच कानावर. कॉलेजातही पोरांचं सेवापथक होतं. त्यांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून वर न्यायचं आपणहून अंगावर घेतलं. पोरं चांगली होती, खोटं कशाला बोलू! हिंगणघाटचा एक तर दर वेळी म्हणायचा, "घट धरजा बरं ताई." ती त्यांच्यासमोर हसायची. घरी आली की कॅलिपरचे पट्टे सोडता सोडता फणकारायची, "मी का कापसाची गाठ आहो व ताई, उचलून ठेवाले? पोरं नसले का मले तिथंच बसून राहा लागते. बाथरूमले जाचं तरी त्याइले हाका मारू काय?"

"दम धर ना. उतार होऊन राह्यला," मी म्हणायचे.

मग बांधकाम समिती पाहणीला आली. नेमकी तेव्हाच पोरं तिला वर नेत होती. समितीतली माणसं थांबली. एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अध्यक्षांचे तर डोळे भरून आले म्हणे! "अशी सेवाभावी मुलं असताना दगडाचा उतार कशाला? त्यांच्या हातची सेवा आपण का काढून घ्यायची?" झालं, उतार रद्द. मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन भांडले, आवाज पार व्हरांड्यापर्यंत गेला. "अहो सर, तिला सेवा नको आहे, वाट हवी आहे." ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मुलं किती प्रेमानं करतात ते तरी बघा." जळो ते प्रेम! खुर्चीत बसलेल्या माझ्या बहिणीची मान खाली होती, ती एकालाही दिसली नाही.

तिचे दगड झेंड्याच्या चबुतऱ्याला लागले. मिस्त्री ते बसवताना तिनं पाहिलं आणि ती फाटकातूनच परत फिरली. पुन्हा गेली नाही. मी समजावलं, रागावले, पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. ती घरी शिकवण्या घेऊ लागली. गावी गेली तरी गवताला हात लावीना, आणि ते माझ्या जिवाला फार लागलं.

वर्षं गेली. कॉलेजात कॉम्प्युटर आणायचं ठरलं. त्यांच्यासाठी थंड हवेची खोली, चपला बाहेर काढायच्या, सगळा देवघराचा थाट. आणि एक दिवस पाहते तर काय, पायऱ्यांच्या बाजूला उतार! शिपायाला विचारलं. म्हणाला, "मशिनी हातानं उचलल्या तर धक्का लागते म्हणे मॅडम. ढकलगाडीवर चढवा लागते." त्या दिवशी मी तास घेतला नाही.

घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच. ती तांदूळ निवडत होती.

"कोणासाठी केला?"

मी सांगितलं.

"त्याइले उचलाले पोरं नाई भेटले काय?" म्हणाली, आणि ताटातले खडे वेचत राहिली.

पुढच्या रविवारी मात्र स्वतःच म्हणाली, "चाल, मले दाखव." आवारात चिटपाखरू नव्हतं. मी हात पुढे केला. "हात नोको लावू." कुबडी टेकत, कॅलिपर वाजवत ती चढली. मध्ये थांबलीसुद्धा नाही. वर बंद दाराच्या कुलपाला हात लावला, वळली आणि मला म्हणाली, "एवढंच होतं व ताई?"

मी तिथेच पायऱ्यांवर बसले आणि मोठ्यानं रडले.