उजव्या बाजूची साइडकार

दार उघडलं आणि नाकात शिरला तो नेलपॉलिशचा वास! नवरात्रातली अष्टमी, टळटळीत दुपार, बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं माझं माहेर, घरात एकटे राहणारे माझे पंच्याहत्तरीचे विधुर वडील, आणि नेलपॉलिश! पुण्याहून काल रात्रीपासून बसमध्ये अवघडलेली मी उंबऱ्यातच खिळून राहिले. त्या क्षणी मनात काय काय येऊन गेलं ते तुम्हाला सांगायचीसुद्धा सोय नाही. गंध हा मोठा चहाडखोर प्राणी असतो, नाही का? डोळ्यांना समजूत घालता येते, कानांना फसवता येतं. पण नाक एकदा बोलून गेलं की त्याचे शब्द मागे घेता येत नाहीत.

बाबांनी बॅग घेतली आणि म्हणाले, नंदू, दार लोटून घे, धूळ बसेल. कशावर धूळ बसेल, ते आत गेल्यावर कळलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर ब्लेडं, कानस, पॉलिश कागद, रंगाच्या इवल्या बाटल्या आणि प्लास्टिक जोडायच्या त्या पातळ सोल्यूशनची कुपी. वास तिचाच होता. आणि या साऱ्या पसाऱ्याच्या मधोमध एक विमान, पोट फाडून उताणं पडलेलं!

माझा धाकटा भाऊ सुहास अमेरिकेत असतो. आई गेल्यावर बाबांचा वेळ जावा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती त्यानं तीन खोकी धाडली होती. एका खोक्यात जर्मन लष्कराची साइडकार लावलेली मोटरसायकल, दुसऱ्यात बाँबफेकी विमान, तिसऱ्यात शर्यतीची मोटरसायकल. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि कपाटावर मांडून ठेवायचे, असा तो खेळ. तेव्हा आपल्याकडे दुकानांच्या काचांतून परदेशी वस्तू नुकत्या डोकावू लागल्या होत्या आणि असल्या खोक्याचं अप्रूप एवढं, की वरचं चित्रसुद्धा कापून ठेवावंसं वाटे. बाबांनी काय करावं? तिन्ही खोकी फोडून, सगळं एकत्र करून त्याची चक्क खांडोळी केली होती! आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून केसाएवढीही रेघ हलू न देणारा हा माणूस, आणि हा उच्छाद! मी कपाळाला हात लावला.

खरं सांगू? मी आले होते तीच धास्ती घेऊन. समोरच्या कोकिळाबेनचा फोन आला होता, काका तो आखो दिवस रमकडां बनावे छे, बेन, जमवानुंय भूली जाय छे. दिवसभर खेळणी काय करतात, जेवायचं काय विसरतात! सुहासचं म्हणणं, बाबांचं डोकं आता चालेनासं झालंय, त्यांना पुण्याला घेऊन जा आणि हे घर बंद कर. तू पाहून ये, तू म्हणशील ते करू. म्हणजे वडिलांची बुद्धी शाबूत आहे की नाही याचा निकाल मी द्यायचा! ज्यांनी माझी भूमितीची वही तपासली, त्यांची परीक्षा मी घ्यायची!

पण बाबांनी वर्तमानपत्राखाली झाकलेली वस्तू अलगद पुढे सरकवली आणि मी आ वासून पाहतच राहिले. आमची स्कूटर! वीतभर लांबीची, खऱ्याच्या नवव्या हिश्श्याची, तोच पिस्त्याचा फिकट रंग, तोच पुढच्या मडगार्डावरचा पोचा. जगातल्या तमाम तोफा, रणगाडे, विमानं खोक्यांत मिळतात. पण साइडकारची स्कूटर, जिनं बडोद्यातल्या निम्म्या मध्यमवर्गाचे संसार वाहिले, ती कुणाला करावीशी वाटली नव्हती. मग बाबांनी ती घडवली. बाँबफेकी विमानाच्या इंजिनांची गोल कवचं उभी चिरून स्कूटरची दोन्ही फुगीर पोटं केली. शर्यतीच्या गाडीचं हँडल आणलं. जर्मन साइडकारवरची बंदूक उपटून टाकली आणि वैमानिकाच्या काचेतून वाऱ्याची काच कापली. पाय ठेवायची फळी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची, सीट आईच्या जुन्या पर्सच्या रेक्झिनची. संहारासाठी जन्मलेल्या त्या यंत्रांतून एक गरीब बिचारी संसारी गाडी निघाली होती. मी मनात म्हटलं, शाबूत आहे, डोकं अगदी शाबूत आहे!

उद्या खंडेनवमी, पूजेत ठेवायचीय, बाबा म्हणाले. आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार आमच्याकडे दर खंडेनवमीला पाटावर येते आणि तिच्या जोडीला घरातलं वाहन. स्कूटर भंगारात गेल्यापासून तलवार एकटीच येत होती. एवढं बोलून ते चहा टाकायला उठले. मी स्कूटर उचलून डोळ्यांशी धरली.

साइडकार उजवीकडे होती.

अहो, आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते! उजवीकडे असेल तर समोरून येणारा ट्रक तिला घेऊनच जाईल. हे शेंबड्या पोराला कळतं, आणि त्याच गाडीवर वीस वर्षं घालवलेला माणूस विसरला? जर्मन गाडीची साइडकार उजवीकडे असते, तिकडची रहदारीच उलटी. मी मनाशी म्हटलं, खोक्यात होती तशी लावली असेल, नजरचूक झाली असेल. पण गाडी उजेडात तिरपी धरली तेव्हा रंगाखाली डाव्या बाजूला भेगा भरायच्या लांबीनं बुजवलेली भोकं दिसली. म्हणजे साइडकार आधी डावीकडेच बसवली होती, बिनचूक. आणि मग ती उपटून उजवीकडे नेली होती! केलेलं बरोबर मोडून चूक करणारं मन कसलं? पुण्याच्या बसची दोन तिकिटं डोळ्यांपुढे नाचू लागली.

बाबा कप घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, अहो ही साइडकार... त्यांनी मान हलवली. म्हणाले, माहीत आहे मला. तुझ्या आईला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं.

जन्मभर जिच्या कुशीत झोपले त्या माझ्या आईला एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि मला पत्ताच नाही! बाबांनाही नव्हता. शेवटच्या आजारात तिनंच सांगितलं म्हणे. लहानपणच्या तापात कान गेला. पाहुणे पाहायला यायचे होते तेव्हा घरच्यांनी बजावलं, कानाचं अक्षर काढायचं नाही. तिनं नाही काढलं. अख्खा संसार संपत आला तरी नाही काढलं! आता आठवलं, झोपाळ्यावर ती नेहमी बाबांच्या उजव्या हाताला बसायची. नाटकाला गेलो तर खुर्च्या बदलून घ्यायची. आम्ही हसायचो, आईची खुर्ची ठरलेली. चांगला कान ती सतत माणसांकडे फिरवत असे आणि आम्हाला तो तिचा हट्ट वाटे! जागा निवडणं तिच्या हातात नव्हतं ते फक्त साइडकारमध्ये. तिथे तिचा गेलेला कान बाबांकडे असायचा.

मग काय झालं, मी म्हटलं, गाडीवर कुठे कोण बोलतं? बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला बोललेलं गिळावंसं वाटलं. नागरवाड्यातल्या दोन खोल्या तुला आठवतात का, त्यांनी विचारलं. आजी, आजोबा, आत्या, आपण सगळे. त्या घरात बायकोशी दोन शब्द बोलायची पद्धत होती का? मी जे काही बोललो ते गाडीवर. सूरसागर तळ्याला वळसा घालताना, कमाटीबागेकडे जाताना, गोत्रीच्या बाजूला नुसती शेतं होती तिकडे. जे कुणाला सांगितलं नाही ते सगळं तिला सांगितलं, वीस वर्षं. ती हसायची. मी एकदा विचारलं होतं, तू सुखी आहेस ना? ती हसली. मी हो धरून चाललो.

माणूस आयुष्यात एकाच ठिकाणी मन उघडं करतो, आणि नेमकी तीच जागा बहिरी निघते? दैवाला दुसरी थट्टा सुचली नाही? बाबा गाडीकडे बघत म्हणाले, म्हणून म्हटलं, निदान हिच्यात तरी तिला ऐकू जाऊ दे.

बाहेर सोसायटीच्या पटांगणात संध्याकाळच्या गरब्याचे दिवे टांगत होते. मी थंड झालेला चहा हातात घेऊन बसले होते आणि मला त्या मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता आठवत होता. ती जागा माझी. सुहास आईच्या मांडीवर, मी बाबांच्या पाठीमागे त्यांचा सदरा धरून. वाऱ्यानं डोळे चुरचुरायचे, म्हणून मी मान डावीकडे वळवायची, आणि खाली साइडकारमध्ये आई दिसायची. आई कधी रस्त्याकडे बघायचीच नाही! पदर डोक्यावर घट्ट धरून, मान वर करून, ती सारा वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत असायची. मला वाटे, ही बाबांच्या गाडी चालवण्याला भिते. बाबा गप्प झाले की ती रस्त्याकडे वळायची. ते बोलू लागले की पुन्हा वर. अगबाई!

बाबा, मी म्हटलं, आई तुमचे ओठ वाचत होती!

सगळं सांगितलं त्यांना, जसं आठवलं तसं. बाबांना हे कसं दिसणार? त्यांचे डोळे रस्त्यावर, चार जीव त्यांच्या हातात. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. म्हातारा माणूस रडताना बघवत नाही हो. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कणीक मळत बसले.

सगळंच ऐकून घेणारा कान मिळणं हे भाग्य खरंच. पण ऐकू येत नसताना एवढा वेळ मान वर करून बसणारं माणूस मिळणं, त्याला काय म्हणायचं? मला शब्द सापडत नाही, तुम्हाला सापडला तर सांगा.

खंडेनवमीच्या सकाळी मला जाग आली ती पुन्हा त्याच वासानं. या वेळी मी दचकले नाही. बाबा आंघोळ करून, सोवळं नेसून टेबलापाशी वाकले होते. तलवारीला तेलपाणी झालेलं, पाटावर झेंडूचा हार तयार. समोर स्कूटर, आणि तिची साइडकार सुटी! उजवीकडे ताजी भोकं होती. बुजवायला वेळ नव्हता. डावीकडची लांबी कोरून त्यांनी जुनी भोकं मोकळी केली होती. सोल्यूशनचा थेंब काडीनं लावून त्यांनी साइडकार डाव्या बाजूला टेकवली आणि ती धरेपर्यंत दोन बोटांत घट्ट धरून ठेवली. नंदू, सुहासला फोन कर, मान वर न करता ते म्हणाले, सांग, मी कुठेही येत नाही. मी म्हटलं, कालच केला.