पहिलं दूध

शहापूरच्या पुढे डोंगरालगतच्या एका पाड्यावर मी बाळंतिणींना अंगावर पाजण्याबद्दल सांगायला जायचे. तिथल्या एका सासूच्या डोळ्यांत मी पहिल्याच भेटीत खुपले. तिच्या सुनेला आदल्या दिवशी मुलगी झाली होती. सासू सुनेला पहिलं पिवळसर दूध मातीत पिळून टाकायला लावत होती आणि नातीला गुळाचं पाणी पाजत होती.

“हेच दूध बाळाला द्या,” मी म्हटलं.

“नासकं हाय ते. तुला पोरं किती?”

“एकही नाही.”

“मग आमाला शिकवू नको. ऊठ इथनं.”

मी उठले नाही. तिनं माझी पिशवी अंगणात भिरकावली. मलाही संताप आला, पण उलट बोलले असते तर ते दार कायमचं बंद झालं असतं.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. सुनेनं सासूकडे पाठ केली आणि त्याला छातीशी धरलं. मी फक्त त्याचं तोंड नीट लावून दिलं. ते प्यायला लागलं.

“पोरीला काय झालं तर तुला पाड्यात पाय ठेवू देनार नाय,” सासू म्हणाली.

मुलगी आता अंगणभर रांगते. मी गेले की सासू अजूनही तोंड फिरवून आत जाते.