पोत्याच्या तळाशी

शालिकभाऊंना एका निवृत्त गुरुजीने फसवलं. पावडरीचा डबा विकला आणि हृदयाच्या गोळ्या बंद करायला लावल्या. महिना उलटून गेला, तरी मला हे याहून सभ्य शब्दांत लिहिता येत नाही. लोक म्हणतात, वय झालं होतं. ते वाक्य आठवलं की मी गल्ल्यावरून उठतो आणि गोदामात फेऱ्या मारत राहतो.

फोन आला तेव्हा मी तुमसरच्या एका राइस मिलवर कोंड्याच्या भावासाठी भांडत होतो. शालिकभाऊंच्या बायको, माझ्या वैनी, एवढंच बोलल्या, "भाऊजी, तुमचे भाऊ गेले." मुठीतला कोंडा मुठीतच राहिला...

हा धंदा मला त्यांनीच शिकवला. मी तेव्हा पोती वाहणारा हमाल होतो. ते मिलमधून कोंडा उचलून तेलाच्या कारखान्याला पुरवायचे. तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या कोंड्यात तेल असतं. हवा लागली की ते खवट होऊ लागतं, म्हणून माल झटपट हलवावा लागतो. काही मिलवाले शिळ्या कोंड्यावर ताज्याचा थर देतात. शालिकभाऊ वरचा माल बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढायचे, हुंगायचे आणि मिलवाल्याच्या देखत मला म्हणायचे, "वरून तं सारेच जावई चांगले दिसतेत बे. तळ पाह्य."

गुरुजीने त्यांना नेमकं याच विद्येत गाठलं. गावच्या सभागृहात त्याने भाषण दिलं, कापलेलं सफरचंद काळं पडताना दाखवलं. हवेने लोखंड गंजतं, तसं म्हातारपणी हृदय गंजतं, म्हणाला. बाकीचे जांभया देत होते. शालिकभाऊंना मात्र पटलं, कारण तेलाला हवा काय करते हे त्यांनी आयुष्यभर नाकाने ओळखलं होतं. डबा घेऊनच ते गोदामात आले. "बाबू, माह्या दिलाचा कोंडा खवट होऊन राहिला. हे पावडर त्याले थांबवते."

मी म्हटलं, "अन् खवट झालेला कोंडा ताजा होते काय, भाऊ?"

"तुले सौद्याबिगर काही समजते काय?" म्हणून हसले.

शेवटची भेटही गोदामातलीच. चार पायऱ्या चढून आले आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे राहिले. चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते. डॉक्टरकडे चला म्हणून मी गाडीची किल्ली काढली. नाही म्हणाले. मी ओरडलो, तेही ओरडले, आणि दम लागल्यावर थांबले... तेव्हाही गोळ्या बंद आहेत हे मला ठाऊक नव्हतं. ते वैनींनी नंतर सांगितलं. पावडरीचा आणि गोळ्यांचा मेळ बसत नाही, असं गुरुजीने बजावलं होतं. पाय सुजले तेव्हा वैनींनी घाबरून त्याला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडून राहिलं."

भाऊ गेल्यावर मी त्यांच्यावर उपचार करणाऱ्या भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे भांडायलाच गेलो होतो. त्यांनी बसवून समजावलं. शरीर ऊर्जा तयार करतं तेव्हा काही जहाल कण निघतात. तरुणपणी शरीर त्यांना आवरतं. वय वाढलं की आवरणं कमी पडतं, हृदयाचा स्नायू झिजतो, ताठर होतो. म्हणजे गंजाची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. पण डब्यातल्या पावडरीने थकलेलं हृदय पुन्हा तरुण होत नाही, असंही ते म्हणाले. गोळ्या अंगात साठणारं पाणी काढत होत्या, हृदयावरचा भार हलका ठेवत होत्या. त्या थांबल्या आणि पाणी पायांत उतरलं, मग छातीत चढलं.

वरचा थर ताजा, खाली शिळा माल. जन्मभर तळ हुंगणाऱ्या माणसाला तोच माल विकला गेला.

तेरवीला गुरुजी आला. पंगतीत बसला, बुंदी मागून घेतली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "शालिकभाऊंनी सुरू करायला उशीर केला." मी वाढत होतो. वैनींनी माझा हात धरला नसता तर...

डबा अजून गोदामात आहे, शालिकभाऊ कोंड्याने माखलेला हात झटकायचे त्या खुंटीखाली. वैनी तो हलवू देत नाहीत. नवं पोतं आलं की मी कोपरापर्यंत हात घालतो आणि नजर त्या डब्यावर जाते.

गुरुजी, हा लेख तुम्ही वाचणार, मला माहीत आहे. गोदामात या. वैनी तिथेच बसल्या असतील. सुजलेल्या पायांचं ते पाणी विष होतं, हे त्यांच्या डोळ्यांत बघून पुन्हा एकदा म्हणा. नाही म्हणता आलं, तर तेव्हा का म्हणालात ते सांगा.